टेक्सासचं लायसन्स डेलावेअर नदीच्या पुलावर संपतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लेनोला राहणारं मराठी कुटुंब, नवरा-बायको दोघंही ग्रीन कार्डवर. नवऱ्याकडे टेक्सासचं लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना, आणि ग्लॉक १९ पिस्तूल आहे. मुलीला रटगर्स विद्यापीठात सोडायला गाडीनं न्यू जर्सीला निघालेत, मुक्काम एडिसनला मेहुण्यांकडे. वाटेत दोन रात्री अनोळखी मोटेलात काढायच्या म्हणून पिस्तूल बरोबर हवंय. मेहुणे म्हणतात, "खुशाल आणा, १९८६चा फेडरल कायदा आहे, प्रवासात कोणी हात लावू शकत नाही. इथं आल्यावर माझ्या कपाटात ठेवा." मेहुणे स्वतः एच-वन-बीवर आहेत.

माझं उत्तर: पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवा आणि निघा. मेहुण्यांचं कपाट तर विसरूनच जा.

मी डॅलसच्या उत्तरेला गेली पंधरा वर्षं कॅरी लायसन्सचे वर्ग घेते. वकील नाही, पण वर्गातून गेलेल्या लोकांचे घाबरेघुबरे फोन वकिलाच्या आधी मला येतात. त्यातले निम्मे राज्याची हद्द ओलांडण्याबद्दलचे असतात, आणि बहुतेकांनी आधी हद्द ओलांडलेली असते, मग फोन केलेला असतो.

साताऱ्याला माझ्या वडिलांकडे बारा बोअरची बंदूक होती. त्यांच्या परवान्याच्या पुस्तकात क्षेत्राचा रकाना होता आणि त्यात "महाराष्ट्र राज्य" असं हातानं लिहिलेलं होतं. भारतभर चालायला हवा असेल तर वेगळी मंजुरी. म्हणजे तो कुठपर्यंत चालतो हे परवानाच सांगायचा. टेक्सासच्या प्लास्टिकच्या कार्डावर असा रकाना नाही. ते ड्रायव्हिंग लायसन्ससारखं दिसतं, पाकिटात त्याच्याच शेजारी बसतं, म्हणून माणूस धरून चालतो की तेही तसंच चालणार. ड्रायव्हिंग लायसन्ससुद्धा वॉशिंग्टनच्या हुकमानं चालत नाही. पाहुण्यांची लायसन्स मानायची असं प्रत्येक राज्यानं आपापल्या कायद्यात लिहून ठेवलंय, म्हणून चालतं. पिस्तुलाच्या बाबतीत काही राज्यांनी तसं लिहिलं, काहींनी अटी घालून लिहिलं, काहींनी लिहिलंच नाही.

कॅलिफोर्निया, ओरेगन, हवाई, इलिनॉय, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डी.सी. ही मंडळी दुसऱ्या कुणाचंच परमिट मानत नाहीत. न्यू यॉर्कची तर तऱ्हाच वेगळी: बफेलोत मिळालेलं राज्याचं लायसन्स खास परवानगीशिवाय न्यू यॉर्क शहरातसुद्धा चालत नाही. आता आपली मंडळी कुठे राहतात ते बघा. एडिसन, जर्सी सिटी, बे एरिया, शिकागोची उपनगरं, बॉस्टन. टेक्सासहून नातेवाइकांकडे जाणं म्हणजे बहुतेक वेळा या यादीतल्याच एखाद्या राज्यात जाणं.

"पण सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय ना?" हे मला दर वर्गात ऐकावं लागतं. २३ जून २०२२चा ब्रुएन निकाल. त्यात कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी एवढंच म्हटलं की सामान्य माणसाला स्वसंरक्षणासाठी घराबाहेर हत्यार बाळगण्याचा हक्क आहे आणि "तुला खास गरज काय?" असं विचारून न्यू यॉर्कला परमिट नाकारता येणार नाही. परमिटच मागू नका किंवा शेजारच्या राज्याचं परमिट माना, असं त्यात कुठेही नाही. न्यू हॅम्पशरच्या माणसाकडे मॅसॅच्युसेट्सनं आपलं स्वतःचं लायसन्स मागणं घटनेविरुद्ध नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलंय.

त्याच २०२२च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीला होतं. माझ्याकडे शिकलेला एक जण बायको-मुलांसह गाडीनं निघाला होता. फिलाडेल्फियाच्या अलीकडे किंग ऑफ प्रशियाच्या गॅस स्टेशनवरून त्यानं फोन केला. सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, न्यू जर्सीत मॅगझिन दहा गोळ्यांचंच लागतं म्हणतात, खरं का?" मी विचारलं, पिस्तूल कुठे आहे? म्हणाला, कमरेला. डॅलसपासून? हो, डॅलसपासून. मेरीलँडमधून आलास तेव्हाही? हो. ब्रुएन झालं ना आता! मी त्याला सांगितलं, गाडी पुढे काढू नकोस, तिथेच थांब.

मग आम्ही जवळचं गन शॉप शोधलं. त्यांनी पिस्तूल ताब्यात घेऊन टेक्सासमधल्या एका डीलरकडे पाठवलं. परत आल्यावर त्यानं फॉर्म ४४७३, म्हणजे डीलरकडून हत्यार घेताना भरायचा फेडरल फॉर्म, भरून स्वतःचंच पिस्तूल परत घेतलं. दोन्हीकडची फी आणि कुरिअर मिळून पिस्तुलाच्या निम्म्या किमतीला पडलं. बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही म्हणे. पण अधिवेशन पाहून आला, आणि घरी आला.

घरी आला हे मी मुद्दाम म्हणते. त्याच्या नऊ वर्षं आधी, २०१३ मध्ये, फिलाडेल्फियाची एक बाई अशीच डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत गेली होती. पेनसिल्व्हेनियाचं रीतसर परमिट होतं. अटलांटिक काउंटीत पोलिसानं किरकोळ वाहतुकीच्या कारणासाठी थांबवलं, तर तिनं आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि परमिटही आहे. तिला अटक झाली. साडेतीन वर्षांची सक्तीची कैद समोर होती. दोन लेकरांची आई, आधीचा एकही गुन्हा नाही. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. माफीच्या भरवशावर प्रवासाचा बेत कोणी आखू नये.

तुमच्या बाबतीत हिशेब मांडूया. न्यू जर्सीत परमिटशिवाय पिस्तूल बाळगणं हा दुसऱ्या दर्जाचा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं. ग्रेव्हज ॲक्ट या तिथल्या कायद्यामुळे त्यातले पहिले ४२ महिने पॅरोलशिवाय. ग्लॉक १९चं मूळ मॅगझिन पंधराचं असतं आणि न्यू जर्सीनं २०१८ मध्ये मर्यादा पंधरावरून दहावर आणली, म्हणजे पेटीतली दोन्ही मॅगझिनं वेगळा आरोप. त्यात तुम्ही भरता त्या हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाच्या, गोळ्या. टेक्सासमध्ये मी स्वतः वर्गात त्याच घ्या म्हणून सांगते, कारण त्या आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला लागण्याची शक्यता कमी. न्यू जर्सीत स्वतःचं घर, नेमबाजीची रेंज असे मोजके अपवाद सोडले तर त्या जवळ असणं हाच गुन्हा. एका होल्स्टरमध्ये तीन गुन्हे, आणि तुम्ही अजून कुणाला काही केलेलंही नाही.

आता मेहुण्यांचा १९८६चा कायदा. तो आहे, खोटा नाही. फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टमधल्या कलम ९२६ए नुसार, जिथून निघालात तिथे आणि जिथे पोचायचंय तिथे, दोन्हीकडे हत्यार बाळगणं तुम्हाला कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून नेता येतं. पिस्तूल रिकामं हवं. पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत, म्हणजे एसयूव्ही किंवा मिनीव्हॅनमध्ये, कुलपाच्या पेटीत हवं, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल पेटी म्हणून धरत नाहीत, कुलूप असलं तरी. मेहुण्यांनी वाक्य अर्धंच वाचलं. "जिथे पोचायचंय तिथेही कायदेशीर" ही अट त्यांच्याच घरापाशी अडते. न्यू जर्सी हा तुमचा मुक्काम आहे, मधलं राज्य नाही. मेन राज्यात चालला असतात आणि न्यू जर्सीतून नुसते पार झाला असतात, तर हे कलम तुमच्या कामाचं होतं.

तेव्हाही जपूनच. युटाचा एक माणूस २००५ मध्ये विमानानं अ‍ॅलनटाउनला निघाला होता, पिस्तूल नियमाप्रमाणे चेक-इन सामानात, कुलपात. नेवार्कला पुढचं विमान चुकलं. सामान हातात मिळालं, रात्र हॉटेलात काढली, सकाळी पुन्हा चेक-इन करताना काउंटरवर प्रामाणिकपणे सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे. अटक. काही दिवस तुरुंगात. आरोप पुढे मागे घेतले, पण त्यानं भरपाईचा दावा लावला तेव्हा २०१० मध्ये थर्ड सर्किटच्या फेडरल कोर्टानं तो फेटाळला: हॉटेलात बॅग हाताशी होती, त्या रात्रीपुरतं कलम ९२६ए लागू नाही. हा निकाल न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरला लागू आहे. दोन रात्री मोटेलात काढायच्या म्हणता म्हणून हे सविस्तर सांगितलं.

वाटेचं म्हणाल तर बहुतेक रस्ता सोपा आहे. आय-३० हायवेनं अर्कान्सा, आय-४० नं टेनेसी, नॉक्सव्हिलच्या पुढे आय-८१. अर्कान्सा आणि टेनेसी टेक्सासचं लायसन्स मानतात. टेनेसीत दारावरच्या "हत्यार आणू नये" या पाटीला कायद्याचं बळ आहे, ती वाचत जा. व्हर्जिनियाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१५च्या डिसेंबरमध्ये तिथले अ‍ॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी एका फटक्यात २५ राज्यांची परमिटं मानणं बंद करणार असं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी विरोधी पक्षाशी तडजोड केली आणि १ जुलै २०१६ पासून उलट सगळ्याच राज्यांची परमिटं मान्य झाली. सहा महिन्यांत दोन टोकं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रंगीत नकाशे बघून मला धडकी भरते. निघायच्या आदल्या रात्री त्या त्या राज्याच्या पोलिसांचं किंवा अ‍ॅटर्नी जनरलचं पान स्वतः उघडून वाचायचं, दुसरा उपाय नाही.

वेस्ट व्हर्जिनियाचे २६ मैल निवांत. आणि मग मेरीलँड. आय-८१ वर मेरीलँड आहे जेमतेम १२ मैल. हेगर्सटाउन येतं आणि जातं, मुलांची "अजून किती राहिलं?" संपायच्या आत तुम्ही पेनसिल्व्हेनियात असता. त्या १२ मैलांत कमरेचं भरलेलं पिस्तूल गुन्हा आहे, दोन्ही बाजूंना नाही. ज्यांना ते घेऊन जायचंच असतं त्यांना मी सांगते, हद्दीच्या आधीच्या एक्झिटला उतरा आणि रिकामं करून कुलपात टाका. पण पार्किंग लॉटमध्ये, लोकांसमोर, गाडीत वाकून पिस्तूल हाताळणं हे त्या प्रवासातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. चुकून गोळी सुटते ती बऱ्याचदा अशाच वेळी. म्हणून मी तर म्हणते, सकाळी मोटेलच्या खोलीतच रिकामं करून पेटीत घाला, आणि दिवसभर पेटी उघडू नका.

पेनसिल्व्हेनिया टेक्सासचं लायसन्स मानतं, पण लायसन्स हवं. हे ठासून सांगते, कारण १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये लायसन्सशिवाय कॅरी करता येतं आणि तेव्हापासून माझा वर्ग निम्मा झालाय. "कशाला हवेत चाळीस डॉलर आणि पन्नास राउंडची परीक्षा?" २५० पैकी १७५ गुण काढायचे असतात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. अवघड नाही, माझ्या वर्गात सत्तरीच्या आजी पास झाल्यात. लायसन्सशिवायचा टेक्सासचा माणूस पेनसिल्व्हेनियात गाडीत भरलेलं पिस्तूल ठेवून फिरला तर तो गुन्हेगार. लायसन्सची खरी किंमत राज्याबाहेर पडल्यावरच कळते.

त्यातही एक खोच आहे, जी मला स्वतःला पहिली पाच वर्षं माहीत नव्हती. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत हत्यार नेण्यावर फेडरल बंदी आहे. तिच्यातून सुटका मिळते ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्यानं दिलेल्या लायसन्सला. टेनेसीनं टेक्सासचं लायसन्स मानलं तरी ते टेनेसीनं दिलेलं नसतं. म्हणजे हायवे सोडून गावात जेवायला उतरलात आणि वाटेत शाळा लागली, तर कागदोपत्री तुम्ही फेडरल गुन्ह्यात. नुसत्या यासाठी कुणाला पकडलेलं मी पाहिलं नाही, पण दुसऱ्या कशात अडकलात तर हेही जोडलं जाऊ शकतं. रिकामं आणि कुलपात असेल तर प्रश्न येत नाही.

काही जण युटा किंवा फ्लोरिडाचं नॉन-रेसिडेंट परमिट काढून पाकीट जाड करतात. काही राज्यांत उपयोग होतो. पण मिशिगन, कोलोरॅडोसारखी राज्यं परमिट देणाऱ्या राज्यात तुम्ही राहत असाल तरच ते मानतात, आणि न्यू जर्सीला तुमच्या पाकिटात किती परमिटं आहेत याच्याशी काही देणंघेणं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे इंग्रजी माहितीपानांवर सहसा सापडत नाही, कारण ती पानं नागरिकांसाठी लिहिलेली असतात. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात. ग्रीन कार्डधारकाला पिस्तूल घेता येतं, लायसन्स मिळतं, सगळं नागरिकासारखंच. फरक पडतो तो चूक झाल्यावर. बेकायदा हत्यार बाळगल्याचा दोष सिद्ध झाला तर इमिग्रेशन कायद्यानुसार तुम्ही हद्दपारीला पात्र ठरता. किती वर्षं राहिलात, मुलं इथं जन्मली का, घर आहे का, हे नंतरचे प्रश्न. नागरिकाला सरकारी वकिलानं देऊ केलेली सौम्य तडजोड, म्हणजे गुन्हा कबूल कर, प्रोबेशन घे, रेकॉर्ड पुसून टाकू, ही तुमच्यासाठी सापळा असू शकते. राज्यानं रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनच्या हिशेबात कबुली ही कबुलीच राहते. गुन्ह्याच्या वकिलानं परदेशी अशिलाला हद्दपारीचा धोका समजावून सांगितलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये पडिला खटल्यात सांगितलंय. पण पोलिस स्टेशनात पहिल्या रात्री तुम्ही जे काही बोलता तेव्हा वकील शेजारी नसतो.

आणि मेहुणे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला हत्यार किंवा गोळ्या जवळ बाळगायला फेडरल बंदी आहे. वैध शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर बंदी सरसकट. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. विकत घेण्याचा प्रश्नच नाही, ताब्यात असणं पुरे. तुम्ही एडिसनच्या कपाटात पिस्तूल ठेवून मुलीला होस्टेलवर सोडायला गेलात, तर त्या दुपारी ते कुणाच्या ताब्यात होतं? मेहुण्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारलेला दिसत नाही. ऑफिसच्या मित्रांबरोबर मजा म्हणून रेंजवर जाऊन फोटो टाकणारी एच-वन-बीवरची मुलं मी दर महिन्याला बघते. त्यांना मी काउंटरवरूनच परत पाठवते, राग आला तरी.

"मग पेनसिल्व्हेनियातल्या मित्राकडे ठेवून पुढे जातो" हेही सुचेल. दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या हाती पिस्तूल सोपवणं फेडरल कायद्यात डीलरमार्फतच व्हावं लागतं, खेळासाठी तात्पुरतं उसनं देण्यासारखे अरुंद अपवाद सोडले तर. मैत्री त्या अपवादात बसत नाही.

परत येताना विमानानं यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या टीएसएला २०२३ मध्ये तपासणीच्या रांगेत ६,७३७ हत्यारं सापडली, त्यातली दहापैकी नऊहून जास्त भरलेली. बहुतेकांचं म्हणणं एकच, बॅगेत आहे हे विसरलो.

हे सगळं बदलेल का? देशभर एकमेकांची परमिटं मानायला लावणारं विधेयक ६ डिसेंबर २०१७ला प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झालं आणि सेनेटमध्ये विरून गेलं. २०२५च्या जानेवारीत पुन्हा मांडलं गेलं. माझं मत विचाराल तर नियम एक असावा, पण प्रशिक्षणाची अट काढून नव्हे. मी रेंजवर जे बघते ते बघितल्यावर न्यू जर्सीच्या पोलिसाची भीती मला थोडीफार समजते. ते असो.

मोटेलची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पहिल्या मजल्याच्या वरची, आतल्या कॉरिडॉरची खोली मागा, दाराला लावायचा रबरी अडसर दहा-पंधरा डॉलरला मिळतो, आणि अंधार पडायच्या आत गाडी थांबवा.

निघायच्या आदल्या दिवशी आणखी एक काम करा. तुमची रेंजची बॅग डिकीत असेल. ती बाहेर काढा, सगळे कप्पे उघडून जमिनीवर उलटी करून झटका. मग डिकीची चटई उचला, सीटच्या खाली हात घाला, कन्सोलचा तळ बघा. माझ्या गाडीत गेल्या वेळी चटईखाली नऊ मिलिमीटरच्या दोन हॉलो पॉइंट निघाल्या होत्या, आणि मी स्वतःला फार शिस्तीची समजते.